संस्कार आणि पंथान्तर : न्यूमन बंधूंचे उदाहरण

बालपणी झालेले धार्मिक संस्कार आणि प्रौढपणी केलेले पंथान्तर यांचा परस्परसंबंध कोणता, या प्रश्नाची उत्तरे सामान्यतः दोन प्रकारची आढळतात. पंथान्तर म्हणजे पूर्वसंस्कारांचा त्याग, असे एक मत; आणि संस्कार इतके चिवट असतात की पंथान्तर हा केवळ वेषपालट होय, असे दुसरे. दोन्ही मते अपुरी आहेत, हे एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज कुटुंबाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. एकाच घरात, एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या आणि एकाच शाळेत शिकलेल्या तीन भावांपैकी थोरला रोमन कॅथलिक पंथात जाऊन कार्डिनल झाला. मधला निरीश्वरवादी झाला. धाकट्याने सर्व ख्रिस्ती सिद्धान्त क्रमाक्रमाने सोडून केवळ ईश्वरनिष्ठा तेवढी राखली. थोरला भाऊ जॉन हेन्री न्यूमन (१८०१–१८९०), मधला चार्ल्स रॉबर्ट (१८०२–१८८४) आणि धाकटा फ्रान्सिस विल्यम (१८०५–१८९७).

धर्मान्तर आणि पंथान्तर यांतील भेद येथे आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. पंथान्तर करणारा ख्रिस्ती मनुष्य आपला देव बदलीत नाही आणि धर्मग्रंथही टाकीत नाही. तो बदलतो तो ग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर. वरवर पाहता हा फरक लहान वाटतो. पण त्याची किंमत लहान नसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतानाच अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे, आणि ही अट १८५४ पर्यंत टिकली. म्हणजे पंथ सोडणे याचा अर्थ विद्यापीठ, उपजीविका, मित्रमंडळ आणि पुष्कळदा आप्तही सोडणे असा होई.

न्यूमनचे वडील लंडनमध्ये पेढीचे भागीदार होते. आईचे घराणे फ्रान्समधून निर्वासित झालेल्या ह्यूगनॉट प्रॉटेस्टंटांचे. घरातील धर्म मात्र कडवा नव्हता. बायबलचे नियमित वाचन, रविवारची उपासना आणि सभ्य आचरण एवढाच त्याचा विस्तार होता. जॉनला बायबलची गोडी लावली ती आजीने आणि आत्याने. मुलाची धर्मवृत्ती अतिरेकास जाऊ नये म्हणून वडिलांनी त्यास पुढे १८२२ मध्ये सावधही केले होते. तात्पर्य, ज्याला घरचा संस्कार म्हणतात तो येथे सौम्य स्वरूपाचा होता. तीव्र संस्कार झाला तो शाळेत, आणि तोही घरावर आपत्ती आली असताना. मार्च १८१६ मध्ये वडिलांच्या पेढीने व्यवहार थांबविला. त्या वर्षी पंधरा वर्षांचा जॉन सुट्टीतही ईलिंगच्या शाळेतच राहिला, आजारी पडला आणि वॉल्टर मेयर्स या इव्हँजेलिकल वृत्तीच्या तरुण शिक्षकाच्या सहवासात आला. मेयर्सने त्याच्या हाती दिलेल्या पुस्तकांतूनच त्याचे पुढील आयुष्य घडले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या काळात त्याने वाचलेली तीन पुस्तके विशेष विचारात घेण्यासारखी आहेत. पहिले जोसेफ मिल्नर याचा चर्चचा इतिहास. मिल्नर हा कट्टर इव्हँजेलिकल. परंतु त्याच्या ग्रंथात ऑगस्टीन, अँब्रोझ इत्यादी आद्य धर्माचार्यांच्या लेखनातील दीर्घ उतारे होते. ते वाचून या मुलाचे मन प्राचीन चर्चवर जडले. दुसरे पुस्तक बायबलातील भविष्यकथनांवरील टॉमस न्यूटन याचे. ते वाचून पोप हाच बायबलात वर्णिलेला ख्रिस्तविरोधी पुरुष होय, अशी त्याची पक्की खात्री झाली. एकाने प्राचीन चर्चचे प्रेम दिले आणि दुसऱ्याने त्या चर्चचा वारसा सांगणाऱ्या रोमविषयी भय दिले. ही दोन बीजे परस्परविरोधी होती व त्या विरोधाने आपणास दीर्घकाळ पंगू केले, असे न्यूमनने पुढे स्वतःच नमूद केले आहे. तिसरा लेखक टॉमस स्कॉट. वाढ हेच जीवनाचे लक्षण, या आशयाचे त्याचे वचन न्यूमन एखाद्या म्हणीप्रमाणे वापरीत असे. कॅथलिक पंथात जाण्यापूर्वी लिहिलेल्या आणि १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्ती सिद्धान्तांचा विकास’ या निबंधाचे बीज या वचनात आहे. प्रेषितांच्या काळी बीजरूपाने असलेला सिद्धान्त कालौघात वाढतो, आणि त्याची वाढ ही विकृती नसून जिवंतपणाची खूण असू शकते, हे त्या निबंधाचे प्रतिपाद्य. रोमकडे नेणारा युक्तिवाद एका कॅल्व्हिनवादी उपदेशकाच्या वचनातून अंकुरावा, ही गोष्ट पंथांच्या सीमारेषा नकाशावर आखल्याप्रमाणे मानणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी.

१८१६ च्या त्या अनुभवाविषयी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. इव्हँजेलिकल ग्रंथांत मनःपरिवर्तनाचा एक ठराविक क्रम सांगितलेला असतो : पापाची तीव्र जाणीव, भय, निराशा आणि मग अकस्मात आनंद. आपला अनुभव या क्रमाशी जुळत नाही, हे न्यूमनने १८२१ मध्येच टिपून ठेवले होते. त्यास जो प्रत्यय आला तो निराळा होता : आत्मा आणि त्याचा निर्माता या दोनच सत्ता स्वयंप्रकाशी आहेत, आणि धर्म म्हणजे भावना नसून निश्चित सिद्धान्त आहेत. हा प्रत्यय त्याने पुढे कधीही सोडला नाही. १८७९ मध्ये कार्डिनलपद स्वीकारताना रोम येथे केलेल्या भाषणातही, धर्मात निश्चित सत्य नसते असे मानणाऱ्या मताला आपण आयुष्यभर विरोध केला, हेच त्याने सांगितले.

ऑक्सफर्डमधील वर्षांचे वृत्त सुपरिचित असल्याने येथे संक्षेप पुरे. १८२२ मध्ये ओरियल कॉलेजचे फेलोपद, १८२८ मध्ये सेंट मेरी चर्चचे उपाध्यायपद, आणि १८३३ मध्ये जॉन कीबलच्या प्रवचनाने आरंभ झालेली ऑक्सफर्ड चळवळ. अँग्लिकन चर्च हे राज्यसंस्थेचे खाते नसून प्रेषितांपासून अखंड चालत आलेले चर्च आहे, असे ही चळवळ सांगे. रोमची भर आणि प्रॉटेस्टंटांची तूट या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे अँग्लिकन मार्ग, हा सिद्धान्त न्यूमनने मोठ्या परिश्रमाने उभारला. पुढे तो पाडण्याचे कार्यही त्याच्याच हातून झाले.

या पाडावाची प्रक्रिया सहा वर्षे चालली, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. १८३९ च्या उन्हाळ्यात न्यूमन पाचव्या शतकातील मोनोफिसाइट वादाचा अभ्यास करीत होता. त्या वादात एका टोकाला रोम होते, दुसऱ्या टोकाला उघड पाखंड, आणि दोहोंच्या मध्ये मध्यममार्गी पक्ष. त्या मध्यममार्गी पक्षाला चर्चने पाखंडीच ठरविले होते. आपण आज ज्या जागी उभे आहोत ती जागा तेव्हा कोणाची होती, हे न्यूमनच्या ध्यानात आले. त्याच वर्षी डोनाटिस्ट पंथाविषयी निकोलस वाइझमन याने लिहिलेला लेख एका मित्राने त्याला दाखविला. सर्व जगातील चर्चचा एकमुखी निर्णय हा स्थानिक गटाच्या दाव्यापेक्षा श्रेष्ठ होय, या आशयाचे ऑगस्टीनचे वाक्य त्यात होते. ते त्याच्या मनातून जाईना. मिल्नरच्या पुस्तकातून पंधराव्या वर्षी ज्या ऑगस्टीनशी परिचय झाला, त्याच्याच शब्दांनी अडतिसाव्या वर्षी हा आघात केला.

युक्तिवाद कोसळला तरी न्यूमन जागचा हलला नाही. १८४१ मध्ये एकोणचाळीस कलमांचा कॅथलिक अर्थ लावता येतो असे प्रतिपादणारी नव्वदावी पत्रिका त्याने काढली. विद्यापीठाच्या प्रमुखांनी तिचा निषेध केला आणि बिशपांनी एकामागून एक तिच्यावर टीका केली. त्याच वर्षी प्रशियाच्या सहकार्याने जेरुसलेम येथे संयुक्त बिशपपद निर्माण करण्यात आले. प्रॉटेस्टंटांशी असा करार करणारे चर्च स्वतःस कॅथलिक कसे म्हणवील, हा प्रश्न त्यामुळे तीव्र झाला. १८४२ मध्ये तो लिटलमोर या खेड्यात जाऊन राहिला. सप्टेंबर १८४३ मध्ये त्याने सेंट मेरीचे पद सोडले. तरी कॅथलिक पंथात प्रवेश करण्यास आणखी दोन वर्षे गेली.

या विलंबाचे कारण काय? न्यूमनचे स्वतःचे उत्तर मार्मिक आहे. पोप हा ख्रिस्तविरोधी पुरुष आहे हे मत त्याच्या बुद्धीने पुष्कळ आधी टाकून दिले होते. पण कल्पनेवर पडलेला त्याचा डाग १८४३ पर्यंत गेला नाही. संस्कारांचे कार्य कसे चालते याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. बालपणी शिकविलेले मत युक्तिवादाने खोडता येते. त्या मताबरोबर मनात रुजलेले चित्र मात्र युक्तिवादास दाद देत नाही. शिवाय एक दुसरी शंका होती, ती अधिक नैतिक स्वरूपाची : आपली आजची खात्री हा भ्रम नाही कशावरून? कालपर्यंत अँग्लिकन मार्गाविषयी आपणास तशीच खात्री होती. म्हणून त्याने काळाची कसोटी लावली. बहीण जेमायमा हिला मार्च १८४५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने आपण काय काय सोडीत आहोत याची जणू यादीच दिली. विनाश्रम मिळणारी उपजीविका, प्रवचनांच्या पुस्तकांचे उत्पन्न, मिळविलेला नावलौकिक हे सारे चव्वेचाळिसाव्या वर्षी टाकण्यात ईश्वरी हाकेवाचून दुसरा कोणता हेतू असू शकेल, असे त्याने तिला विचारले. पत्राचा सूर वादपटूचा नाही. दुखावलेल्या बहिणीपुढे उभ्या असलेल्या भावाचा आहे. जेमायमाशी पत्रव्यवहार टिकला. हॅरिएट या दुसऱ्या बहिणीशी तुटलेला संबंध १८५२ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत पुन्हा जुळला नाही.

३ ऑक्टोबर १८४५ रोजी न्यूमनने ओरियलच्या फेलोपदाचा राजीनामा दिला. ८ तारखेच्या रात्री डॉमिनिक बार्बेरी हा इटालियन पॅशनिस्ट धर्मगुरू पावसात ओलाचिंब होऊन लिटलमोरला पोहोचला. न्यूमनने त्याच्यासमोर गुडघे टेकून पापनिवेदनास आरंभ केला, आणि दुसऱ्या दिवशी त्यास कॅथलिक चर्चमध्ये घेण्यात आले. पूर्वीचा बाप्तिस्मा विधियुक्त झाला असल्यास हा लागू नाही, अशा अटीवर त्यास पुन्हा बाप्तिस्माही देण्यात आला. १८४६ मध्ये त्याने ऑक्सफर्ड सोडले. ट्रिनिटी कॉलेजने सन्माननीय फेलो म्हणून निवडल्यावर १८७८ मध्ये तो तेथे परतला. मध्ये बत्तीस वर्षे लोटली होती.

आता इतर दोघा भावांकडे वळावयाचे. फ्रान्सिसही ईलिंगच्याच शाळेत शिकला आणि त्याच इव्हँजेलिकल प्रभावाखाली आला. किंबहुना आरंभी तो थोरल्या भावापेक्षा अधिक उत्कट होता. ऑक्सफर्डमध्ये दुहेरी प्रथम वर्ग मिळवून तो बेलियल कॉलेजचा फेलो झाला, परंतु एम. ए. साठी कलमांवर सही करणे त्याच्या सदसद्विवेकबुद्धीस पटेना, म्हणून १८३० मध्ये त्याने ते पद सोडले आणि अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज याच्या मिशनात सामील होण्यासाठी तो बगदादला गेला. १८३३ मध्ये तो परतला तो शंका घेऊनच. बालकांच्या बाप्तिस्म्यास बायबलात आधार नाही, त्रैक्याचा सिद्धान्त शब्दशः सापडत नाही, सार्वकालिक शिक्षा न्यायाशी विसंगत आहे, अशी एकेक पायरी उतरत तो सर्व पंथांच्या बाहेर पडला. ही वाटचाल त्याने १८५० मध्ये ‘श्रद्धेच्या अवस्था’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात सांगितली. चार्ल्सची हकीकत थोडक्यात संपते. तारुण्यातच तो रॉबर्ट ओवेनचा अनुयायी झाला, धर्म सोडला, कोठेही स्थिर झाला नाही, आणि पुढे दोघा भावांच्या द्रव्यसाहाय्यावर वेल्समधील टेन्बी येथे एकाकी राहिला. थोरल्या भावाने त्यास ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांविषयी लांबलचक पत्रे लिहिली, पण ती निष्फळ ठरली.

१८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनुमतीचे व्याकरण’ या ग्रंथात न्यूमनने एक काल्पनिक उदाहरण घेतले आहे. तीन प्रॉटेस्टंट आहेत. एक कॅथलिक होतो, दुसरा युनिटेरियन, तिसरा नास्तिक. हे कसे? त्याचे उत्तर असे की तिघांपैकी कोणीही आपली मूळ खात्री सोडलेली नाही. पहिल्याची दृढ श्रद्धा ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर होती. तिच्यामागून प्रभुभोजनातील त्याचे प्रत्यक्ष सान्निध्य, मरियेचे देवमातृत्व इत्यादी सिद्धान्त ओढले गेले आणि प्रॉटेस्टंट मत गळून पडले. दुसऱ्याची खात्री बायबल हेच प्रमाण व प्रत्येकाची बुद्धी हीच त्याची भाष्यकार, या तत्त्वावर होती; प्राचीन मतांगीकार त्या कसोटीस उतरेनात. तिसऱ्याची खात्री एवढीच, की मनुष्य आणि देव यांच्यामध्ये पुरोहित नको. त्या तत्त्वाने प्रथम विधी, मग सिद्धान्त आणि शेवटी धर्मोपदेशकाची गरजच नाहीशी केली. म्हणजे तिघांनाही दिलेले शिक्षण एकच, पण त्यातील कोणता अंश कोणाच्या मनात खराखुरा जिवंत होता, यावर पुढील मार्ग ठरला.

न्यूमनने भावांचा नामनिर्देश केलेला नाही. परंतु कुटुंबाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्या वाचकास त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हे विवेचन पहिल्या दोघांना चांगले लागू पडते. फ्रान्सिसने आपला प्रॉटेस्टंट संस्कार टाकला असे म्हणण्यापेक्षा तो शेवटास नेला असे म्हणणेच योग्य. चार्ल्सला मात्र ते नीट बसत नाही. पायरीपायरीने उतरण्याचे चिन्ह त्याच्या चरित्रात दिसत नाही. त्याच्या नास्तिक्याचा उगम पुरोहितविरोधात नसून ओवेनच्या समाजविचारात आणि बहुधा त्याच्या अस्वस्थ प्रकृतीत शोधावा लागतो. तर्काच्या सोयीसाठी न्यूमनने तिसरी रेघ जरा अधिकच सरळ ओढली, असे दिसते. तिघांपैकी एकाचा मार्ग तत्त्वाने स्पष्ट होत नाही, ही गोष्ट संस्कारांवरून भविष्य वर्तविणाऱ्या कोणत्याही उपपत्तीला अडचणीची आहे.

साधनांविषयीही येथे इशारा आवश्यक आहे. न्यूमनच्या पंथान्तराचे सर्वांत प्रसिद्ध वृत्त म्हणजे १८६४ चे त्याचे आत्मसमर्थन. पंथान्तरास तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. कॅथलिक धर्मगुरू सत्याला किंमत देत नाहीत, असा आरोप चार्ल्स किंग्जली याने त्या वर्षी जानेवारीत एका मासिकात न्यूमनचे नाव घेऊन केला. त्याच्या उत्तरादाखल हा ग्रंथ दर आठवड्यास एक भाग याप्रमाणे लिहिला गेला. साहजिकच त्यात प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची गरज प्रत्येक पानामागे आहे. धार्मिक मतांचाच इतिहास सांगावयाचा असल्याने भावंडांना त्यात जवळजवळ स्थान नाही. उलट फ्रान्सिसच्या पुस्तकात थोरल्या भावाविषयीची कटुता लपत नाही. १९६१ पासून ३२ खंडांत प्रसिद्ध झालेली न्यूमनची पत्रे व दैनंदिनी जोडीस घेतल्याशिवाय यांपैकी कोणत्याही एका ग्रंथावर विसंबणे धोक्याचे ठरेल. आत्मकथनात जो मार्ग सरळ दिसतो तो पत्रांत वळणावळणाचा, थांबत थांबत गेलेला आढळतो.

कॅथलिक झाल्यावरही न्यूमनला स्वास्थ्य लाभले नाही. सिद्धान्तांच्या बाबतीत सामान्य श्रद्धाळूंचेही मत विचारात घ्यावे, असे प्रतिपादणाऱ्या त्याच्या १८५९ मधील लेखाविषयी रोमकडे तक्रार गेली; पोपच्या अस्खलनशीलतेची १८७० मधील घोषणा त्यास अकाली वाटत होती. अँग्लिकन त्यास विश्वासघातकी समजत, आणि कित्येक कॅथलिक अर्धा प्रॉटेस्टंट. २०१९ मध्ये त्यास संत घोषित करण्यात आले आणि २०२५ मध्ये चर्चच्या आचार्यांत त्याची गणना झाली, हे लक्षात घेता समकालीनांचा हा संशय आज विलक्षण वाटतो.

ऑक्सफर्ड चळवळीचा एक प्रवाह महाराष्ट्रापर्यंत पोहोचला होता, आणि येथील दोन व्यक्तींच्या पंथविषयक प्रवासाची न्यूमनशी तुलना करणे उद्बोधक आहे. कोकणस्थ ब्राह्मण कुळातील आणि काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांनी तारुण्यात घरची शिवोपासना सोडून विष्णूपासना स्वीकारली होती. १८४८ मध्ये इव्हँजेलिकल मिशनच्या द्वारे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते हाय चर्च मताकडे वळले आणि ऑक्सफर्डजवळ १८६६ मध्ये स्थापन झालेल्या काउली फादर्स या संघाच्या सहवासात राहिले. मुंबईत काम केलेला त्याच संघाचा ल्यूक रिव्हिंग्टन १८८८ मध्ये कॅथलिक झाला. गोरे मात्र १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अँग्लिकनच राहिले. १८९० च्या चहा-ग्रामण्यामुळे मराठी वाचकास परिचित असलेले पुण्याचे पंचहौद मिशन याच हाय चर्च परंपरेतील होते.

पंडिता रमाबाईंचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. वैष्णव पित्याबरोबर पुराणे सांगत तीर्थयात्रा केलेल्या या विदुषीचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या भगिनीसंघात झाला. त्यांच्या बौद्धिक खात्रीस गोरे यांच्या लेखनाचा आधार होता. परंतु चर्चच्या अधिकाराने सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. न्यूमनला ज्या अधिकारात विसावा मिळाला, त्याच अधिकाराविषयी रमाबाई आपल्या गुरुभगिनी जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घालीत राहिल्या. धर्मशास्त्राच्या आज्ञांचे ओझे कोणते, हे त्या लहानपणापासून जाणत होत्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना इव्हँजेलिकल पद्धतीचा अंतःप्रत्यय आला. आपणास तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी आपल्या साक्षीत म्हटले आहे. त्या वळणावर त्यांच्या हाती आलेले पुस्तक विल्यम हॅस्लम याचे होते. हा हॅस्लम प्रथम ऑक्सफर्ड चळवळीचाच अनुयायी असलेला अँग्लिकन उपाध्याय. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधील आपल्या चर्चमध्ये प्रवचन करीत असताना स्वतःच्याच शब्दांनी त्याचे मनःपरिवर्तन झाले होते.